लूक १६:१-१३, अन्यायी कारभाऱ्याचा दाखला: मंडळीपुढे कसा उलगडावा?

वचनसेविका (प्रश्न)

सर्वांना जय ख्रिस्त.

तीन आठवड्यांनी रविवारच्या उपासनेत लूक १६:१-१३ वर उपदेश द्यायचा आहे. (दाखला थोडक्यात: श्रीमंत माणसाच्या कारभाऱ्यावर मालमत्ता उधळल्याचा आरोप येतो. काम जाणार हे कळल्यावर तो धन्याच्या ऋणकोंना बोलावून त्यांच्या कर्जखतांवरचे आकडे कमी करून घेतो, म्हणजे पुढे ते त्याला आपल्या घरी आसरा देतील.) वेळ पंचवीस मिनिटं. मंडळी तालुक्याच्या गावातली, ऐंशी-नव्वद माणसांची. शेतकरी बरेच, काही शिक्षक, पतसंस्थेत काम करणारे, बचत गटाच्या बायका, आणि मागच्या बाकांवर कॉलेजची मुलं. घरोघरी कुणाचं ना कुणाचं कर्ज आहे, त्यामुळे हा शास्त्रभाग ऐकताना कान टवकारले जाणार हे नक्की.

अडचणी अशा:

१. कारभारी उघडउघड खोटे आकडे मांडायला लावतो आणि तरी त्याची वाहवा होते. ही वाहवा कोण करतो, गोष्टीतला धनी की प्रभू येशू? आणि नेमकी कशाची?

२. शंभराचे पन्नास, शंभराचे ऐंशी, हा फरक का? तेलाला निम्मी सूट आणि गव्हाला पाचवा हिस्साच का?

३. नववं वचन. अन्यायाच्या धनाने मित्र जोडा म्हणजे सार्वकालिक वस्तीत तुम्हाला घेतील. ‘पैसे देऊन स्वर्ग मिळतो का?’ असं कुणी उपासनेनंतर विचारलं तर काय सांगायचं?

४. दहा ते तेरा वचनांत विश्वासूपणाची शिकवण आहे. ती अविश्वासू माणसाच्या गोष्टीला जोडून का आली?

ग्रीक शब्द कितपत सांगावेत आणि भाग कुठे तोडावा, हेही सांगा.

जुना_पाळक

जय ख्रिस्त, ताई. पहिली गाठ सुटली की बाकीच्या सैल होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आठव्या वचनातल्या ‘धन्या’साठी मूळ शब्द ‘कुरिओस’. त्याचा अर्थ मालकही होतो आणि प्रभूही, गोंधळ तिथूनच. पण तिसऱ्या आणि पाचव्या वचनात हाच शब्द गोष्टीतल्या मालकासाठी आला आहे, आणि नववं वचन ‘मी तर तुम्हाला सांगतो’ असं नव्याने सुरू होतं. म्हणजे येशू स्वतःच्या तोंडाने बोलू लागतो तो नवव्यापासून, किंवा फार तर आठव्याच्या उत्तरार्धापासून, जिथे ‘या युगाचे लोक’ आणि ‘प्रकाशाचे लोक’ अशी तुलना आहे. वाहवा मालकाचीच. काही टीकाकार १८:६ कडे बोट दाखवून उलट म्हणतात, कारण तिथे ‘कुरिओस’ म्हणजे येशू. पण तिथे गोष्टीत दुसरा कुणी मालकच नाही. उपदेशात हा वाद काढू नका, निष्कर्ष एका वाक्यात सांगा.

वाहवा कशाची, हे तर वचनच सांगतं. तो ‘फ्रोनिमोस’ म्हणजे शहाणपणाने वागला म्हणून. न्यायाने वागला म्हणून नाही, खरं बोलला म्हणूनही नाही. उलट त्याच वाक्यात त्याला ‘अन्यायी’ म्हटलंय. विशेषण आणि वाहवा एकाच वचनात आहेत, हे मंडळीला बोट ठेवून दाखवा. हाच शब्द खडकावर घर बांधणाऱ्यासाठी (मत्तय ७:२४) आणि तेल बरोबर घेणाऱ्या पाच कुमारींसाठी (मत्तय २५:२) येतो. पूर येणार, नवरदेव येणार, हिशेब मागितला जाणार, हे ओळखून जो आधी हालचाल करतो तो फ्रोनिमोस. आणि लूक १२:४२ मध्ये तर ‘विश्वासू’ आणि ‘शहाणा’ ही दोन्ही विशेषणं कारभाऱ्यालाच लावली आहेत. सोळाव्या अध्यायातल्या कारभाऱ्याकडे दुसरं आहे, पहिलं नाही. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. त्याच्याकडून काय घ्यायचं ते आठ आणि नऊ सांगतात, काय घ्यायचं नाही ते दहा ते बारा. ‘थोडक्यात विश्वासू’ हा त्या गोष्टीचा सारांश नसून तिला घातलेलं कुंपण आहे.

आता मोठी चूक, जी या भागावर हमखास होते. ऐकणारा लगेच पात्रं वाटून टाकतो: मालक म्हणजे देव, कारभारी म्हणजे आपण, ऋणको म्हणजे अमुक. मग देव फसवणुकीवर खूश होतो असं निघतं आणि उपदेशक सारवासारव करत बसतो. येशूची इथली रीत तुलनेची आहे: वाईट माणूससुद्धा एवढं करतो, तर तुम्ही किती अधिक! अठराव्या अध्यायातला न्यायाधीश बघा. देवाला न भिणारा, माणसाची पर्वा न करणारा, तरी विधवेच्या तगाद्याला कंटाळून न्याय देतो. म्हणून देव तसा आहे असं कुणी म्हणत नाही. ग्रीकमध्ये दोघांचं वर्णन एकाच घडणीचं आहे, ‘अन्यायाचा न्यायाधीश’ आणि ‘अन्यायाचा कारभारी’, आणि नवव्या वचनात लगेच ‘अन्यायाचं धन’. हे तीन सांधे दाखवलेत तर मंडळीला स्वतःहून वाट सापडते.

भाग कुठून कुठवर? वाचा १ ते १३, पण अभ्यास १५:११ पासून १६:३१ पर्यंतचा करा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातल्या धाकट्या मुलाने मालमत्ता ‘उधळली’ (१५:१३) आणि कारभाऱ्यावर मालमत्ता ‘उधळल्याचा’ आरोप आला (१६:१), दोन्हीकडे क्रियापद एकच. दोघेही अडचणीत सापडल्यावर स्वतःशी बोलतात. पंधरावा अध्याय परूशी आणि शास्त्री या यहुदी धर्मपुढाऱ्यांना उद्देशून, हा दाखला शिष्यांना, पण चौदाव्या वचनात कळतं की धनलोभी परूशी हेही ऐकत होते आणि नाक मुरडत होते. आणि एकोणिसाव्या वचनापासून श्रीमंत माणूस आणि त्याच्या दाराशी पडलेला गरीब लाजर यांची गोष्ट. ‘एक श्रीमंत माणूस होता’ ही सुरुवात दोन्ही गोष्टींना आहे.

मला तर सगळ्या भागाचा बिजागर नववं वचन वाटतं आणि त्याचं भाष्य म्हणजे लाजराची गोष्ट. ‘मित्र जोडा’ म्हणजे कोण? ज्याच्या दाराशी लाजर पडून होता त्या माणसाला मित्र जोडायला रस्तासुद्धा ओलांडावा लागला नसता. त्याने जोडला नाही. १४:१२-१४ मध्ये जेवायला कुणाला बोलवायचं ते येशूने आधीच सांगितलंय, परतफेड करू शकत नाहीत अशांना.

‘पैसे देऊन स्वर्ग’ या प्रश्नाला दोन गोष्टी सांगा. ‘ते तुम्हाला घेतील’ यात ‘ते’ कोण हे मोघम आहे. यहुदी बोलण्यात देवाचं नाव न घेता असं अनेकवचन वापरत. लूक १२:२० मध्ये मूर्ख श्रीमंताला ‘आज रात्री तुझा जीव मागितला जाईल’ म्हटलंय, तिथेही मुळात ‘ते मागतील’ असंच आहे. म्हणजे घेणारा देवच. दुसरं, कारभाऱ्याने सूट दिली ती स्वतःच्या खिशातून नाही, मालकाच्या मालातून. बारावं वचन तेच म्हणतं: तुमच्या हाती आहे ते ‘दुसऱ्याचं’. आपण देतो ते त्याचंच असेल तर त्याने विकत काय घेणार? फरक एवढाच की गोष्टीतल्या मालकाला विचारलं नव्हतं, आणि आपल्या धन्याने मात्र गरिबांना द्या असं बजावून सांगितलंय (१२:३३). हा मुद्दा सावकाश मांडा, उपदेशाचं सगळं वजन यावर आहे.

शब्दशोधक

वरच्या विवेचनाशी सहमत. मी भाषा आणि मापांपुरतं बोलतो, कारण हा दाखला बहुतेक वेळा वाचनातच हरवतो.

तुमच्या प्रतीत ‘हे तुझे खत घे’ असं असेल तर थांबा. मागच्या बाकावरच्या मुलाला खत म्हणजे युरिया. कर्जाचा रोखा या अर्थाने ‘खत’ आता गहाणखत, खरेदीखत, साठेखत अशा जोडशब्दांतच उरलंय. वाचनाआधी एक वाक्य सांगा: खत म्हणजे ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहिलेला कर्जाचा कागद. हे सांगितलं की कारभारी ‘बस आणि लवकर लिही’ असं का म्हणतो तेही कळतं. अक्षर ऋणकोचंच हवं, आणि मालकाला सुगावा लागायच्या आत काम उरकायला हवं.

‘कारभारी’ शब्दाने गावात हसू येऊ शकतं, कारण बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. ‘धनी’चंही तसंच. हसू आलं तर येऊ द्या, पण ‘मालकाची शेती, कोठार आणि येणी बघणारा दिवाणजी’ असं एकदा स्पष्ट करा. हा पगारी कारकून नाही. मालकाच्या नावाने व्यवहार करण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, म्हणून त्याने बदललेलं खत मालकाला बांधील राहतं.

‘शहाणपण’ हाही निसरडा शब्द. ‘जास्त शहाणपणा करू नकोस’ आपण रोज म्हणतो. ‘चलाखी’ किंवा ‘हुशारी’ म्हटलंत तर लबाडीला शाबासकी दिल्यासारखं होतं. ‘वेळ ओळखून पावलं उचलणं’ हे लांबलचक आहे, पण अर्थाला धरून आहे.

मापं. मूळ ग्रीकमध्ये तेलाला ‘बात’ आणि गव्हाला ‘कोर’. एक बात किती लिटरचा यावर अंदाज २२ पासून ३९ लिटरपर्यंत जातात, आणि एक कोर म्हणजे दहा बात. त्या हिशेबाने १०० बात तेल म्हणजे २,२०० ते ३,९०० लिटर, म्हणजे किराणा दुकानातले पंधरा लिटरचे दीडशे ते अडीचशे डबे. १०० कोर गहू म्हणजे २२,००० ते ३९,००० लिटर, वजनात साधारण १७० ते ३०० क्विंटल, दोन-तीन ट्रक माल. मंडळीला लिटर सांगू नका, डबे आणि ट्रक सांगा. हे घरखर्चाचं उसनं नव्हे. हे ऋणको मोठे व्यापारी किंवा मोठी जमीन खंडाने कसणारे असणार.

प्रतीत मण आणि खंडी असेल आणि कुणी त्यावरून हिशेब मांडला तर सावध राहा. चाळीस शेरी जुना मण सुमारे ३७ किलोंचा. त्या मापाने १०० मण तेल मूळ मापाच्या जवळपास येतं. पण खंडी वीस मणांची, म्हणून १०० खंडी गहू मुळापेक्षा अडीच ते चार पट भरतो. भाषांतरकाराने ‘भलंमोठं माप’ एवढंच सुचवलंय, त्याचं अंकगणित करायचं नाही.

निम्मी आणि पाचवा हिस्सा हा फरक दिसतो तेवढा नाही. तेल महाग, गहू स्वस्त. पन्नास बात तेल आणि वीस कोर गहू यांची किंमत त्या काळच्या भावाने जवळपास सारखीच, सुमारे ५०० दिनार, असा हिशेब बऱ्याच अभ्यासकांनी मांडला आहे. मजुराची एका दिवसाची मजुरी एक दिनार (मत्तय २०:२). म्हणजे दोघांनाही मजुराच्या दीड वर्षाच्या कमाईएवढी सूट मिळाली. एवढी मेहेरबानी माणूस विसरत नाही, आणि कारभाऱ्याचा डाव नेमका तोच आहे.

वाचणाऱ्यासाठी: पाच ते आठ वचनांत ‘त्याने त्याला’ इतक्या वेळा येतं की ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळत नाही. कागदावर पेन्सिलीने प्रत्येक ‘त्याने’वर क (कारभारी), म (मालक), ऋ (ऋणको) अशी खूण करा आणि बोलणारा बदलला की अर्धा श्वास थांबा. तिसरं वचन, खणण्याची ताकद नाही, भीक मागायला लाज वाटते, हे स्वगत आहे. ते हळू आवाजात वाचायला हवं.

मळेकरी

एक वेगळा मार्ग सुचवतो. कारभाऱ्याने कमी केलं ते मालकाचं येणं नव्हेच, स्वतःचं कमिशन किंवा मुद्दलात मिसळलेलं व्याज होतं, असं मानणारे विद्वान आहेत. मोशेच्या नियमशास्त्राने आपल्या भाऊबंदांकडून व्याज घ्यायला मनाई केली आहे (निर्गम २२:२५, लेवीय २५:३६-३७, अनुवाद २३:१९-२०). पळवाट अशी की कर्ज पन्नासाचं आणि कागदावर शंभर लिहून घ्यायचे, म्हणजे ‘व्याज’ हा शब्दच येत नाही. तसं असेल तर कारभाऱ्याने अन्यायाची रक्कम काढून टाकली आणि मालकाला नियमशास्त्रासमोर तोंड वर करून बोलता आलं. वाहवा का, तेही सुटतं.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांकडची खतं हिसकावून जाळली, आणि ते लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. त्या उठावात राग मुख्यतः कागदावर होता, कारण कर्ज किती आणि लिहिलं किती यातलं अंतर न वाचता येणाऱ्या माणसाला मोजता येत नव्हतं. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा त्यातून आला. आजचं उदाहरण हवं तर ऊसतोडीतली उचल आणि मुकादमाचं कमिशन आहेच. मंडळी लगेच ओळखेल.

जुना_पाळक

मळेकरी भाऊ, सुप्याचा संदर्भ फार नेमका आहे, ताईंनी तो जरूर वापरावा. कमिशन आणि व्याजाच्या उपपत्तीला मात्र माझा विरोध आहे, कारणासह सांगतो.

पाचव्या वचनात कारभारी विचारतो, ‘माझ्या धन्याचं तू किती देणं लागतोस?’ आणि सातव्यात, ‘तू किती देणं लागतोस?’ येणं धन्याचं आहे असं तो स्वतः म्हणतो. कमिशनचा उल्लेख कुठेच नाही. व्याज धरलं तर तेलावर शंभर टक्के आणि गव्हावर पंचवीस, असं एकाच मालकाकडे एकाच वेळी का, याचं स्पष्टीकरण मजकुराबाहेरून आणावं लागतं. आणि मुख्य अडचण म्हणजे आठव्या वचनात तो अजूनही ‘अन्यायी’ आहे. त्याने नुकताच अन्याय दूर केला असता तर लूकने तिथे दुसरं विशेषण वापरलं असतं. ही उपपत्ती आपल्याला आवडते ती गोष्ट साफसूफ होते म्हणून. पण दाखल्याचा काटा काढला की तो टोचत नाही, आणि मग कशासाठी सांगितला तेही कळत नाही.

खतं म्हटल्यावर तुकोबांची आठवण मंडळीत कुणी ना कुणी काढेलच. वाट्याला आलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली अशी परंपरा आहे. ती आठवण इथे तोडीची आहे, पण फरक दाखवून सांगा: तुकोबांनी सोडलं ते स्वतःचं येणं, या कारभाऱ्याने सोडलं ते मालकाचं. या फरकामुळेच बाराव्या वचनातला ‘दुसऱ्याचं’ हा शब्द मंडळीच्या लक्षात राहील.

मुकादमाचं उदाहरण पुलपिटावरून नको. मंडळीत मुकादम असेल किंवा त्याच्या टोळीतलं कुटुंब असेल तर उपदेश तिथेच संपतो आणि माना वळतात. सोसायटीचा सचिव, पतसंस्थेचा वसुली अधिकारी, यांचंही तसंच. मंडळीत जो बसलेला असू शकतो त्याच्या धंद्यावरून गोष्टीतलं पात्र रंगवायचं नाही.

वसईचा_वाचक

आमच्या कॅथलिक उपासनेत हा भाग तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘क’ वर्षी, सामान्य काळातल्या पंचविसाव्या रविवारी येतो. मागच्या वेळी २१ सप्टेंबर २०२५ ला होता. दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या ठरतील.

एक, त्या दिवशीचं पहिलं वाचन आमोस ८:४-७ आहे, आणि ही जोडी फार विचार करून लावलेली आहे. आमोसातले व्यापारी सण कधी संपतो आणि धान्य विकायला कधी मोकळे होतो याची वाट बघतात. माप लहान करतात, वजन जड करतात, तराजू खोटा ठेवतात, आणि जोडाभर वहाणांच्या किमतीला गरिबाला विकत घेतात. तिथे आकडे गरिबाच्या विरुद्ध फिरवले जातात, लूकमध्ये ऋणकोच्या बाजूने. तुमच्या मंडळीत जुन्या करारातलं वाचन होत असेल तर हेच ठेवा. उपदेशात मग आमोसाचं एक वाक्य पुरतं. बाजारात काटा मारला जातो तेव्हा कसं वाटतं हे माल विकणाऱ्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. आमच्या वाचनक्रमात छोटा पर्याय आहे, फक्त १०-१३. वेळ वाचतो म्हणून तो निवडण्याचा मोह होतो. त्यात दाखला पूर्ण गळतो आणि उरतो तो ‘प्रामाणिक राहा’ एवढा उपदेश, जो कुठल्याही वचनावर देता येतो. पंचवीस मिनिटं मिळत असताना हे करू नका. आमचं मिस्सातलं प्रवचन आठ-दहा मिनिटांचं. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये आठ मिनिटांहून जास्त नको असं सांगितलं होतं. तेवढ्यात १ ते ९ आणि १३ एवढंच पेलतं.

‘मामोन’ (म्हणजे धन) हा अरामी शब्द तेराव्या वचनात मुळात तसाच ठेवला आहे, कारण तिथे पैसा हा धन्यासारखा, हुकूम सोडणारा म्हणून उभा केलाय. नवव्यात तोच शब्द हातातल्या साधनासाठी आहे. आधी वापरायची वस्तू आणि शेवटी धनी, चार वचनांत घडणारी ही घसरण दाखवण्यासारखी आहे.

वचनसेविका

सर्वांचे मनापासून आभार. ‘अन्यायी’ आणि ‘शहाणपणाने’ एकाच वचनात, हे मी कितीदा वाचूनही पाहिलं नव्हतं. आता मांडणीचं सांगा. एवढं सगळं पंचवीस मिनिटांत कोंबलं तर चुरगळेल. काय गाळू? आणि त्या महिन्यात हंगामाच्या अर्पणाचं आवाहन आहे. ते उपदेशाला जोडा असं मंडळीच्या कमिटीतून सुचवलंय.

जुना_पाळक

आवाहन जोडू नका, ताई. नवव्या वचनातले मित्र म्हणजे मंडळीची तिजोरी नव्हे. दशांश, इमारत निधी, हंगामाचं अर्पण, यातलं काहीही या भागात नाही. जोडलंत तर ऐकणारा आधीचं सगळं त्या आवाहनाची प्रस्तावना समजेल. आवाहन घोषणांच्या वेळी दुसऱ्या कुणीतरी करावं, उपदेशाच्या आधी. कमिटीला हे आठवडाभर आधी सांगून ठेवा, रविवारी सकाळी नको.

मांडणी साधारण अशी. पहिली चार मिनिटं गोष्ट तुमच्या शब्दांत परत सांगा: खत, दिवाणजी, डबे, ट्रक, सगळं इथेच संपवा. ‘येशूने हे का सांगितलं?’ हा प्रश्न मोठ्याने विचारा आणि दोन-तीन सेकंद गप्प राहा. मग आठवं वचन, पाच मिनिटं: वाहवा कुणाची, कशाची, आणि अठराव्या अध्यायातला न्यायाधीश. ग्रीक शब्द उच्चारायचाच असेल तर फ्रोनिमोस एकच, तोही एकदा. पुढची नऊ-दहा मिनिटं नववं आणि बारावं वचन, तुकोबांची खतं, आणि तिथून लाजर. सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. १० आणि ११ दोन मिनिटांत. तेराव्याला तीन मिनिटं, त्यात मामोनची घसरण. एक-दोन मिनिटं शिल्लक ठेवा, आवाज बसला किंवा लाइट गेली तर उपयोगी पडतात.

गाळायचं ते असं: व्याजाची उपपत्ती, ‘कुरिओस’चा वाद, बात-कोर ही नावं, ‘ते’ म्हणजे देव हा व्याकरणाचा मुद्दा. शेवटचा मुद्दा टिपणात राहू द्या, उपासनेनंतर कुणी विचारलं तर उपयोगी येईल. सुपे आणि आमोस यांपैकी एकच घ्या. जुन्या करारातलं वाचन होणार असेल तर आमोस, नसेल तर सुपे.

तयारीचा क्रमही सांगून ठेवतो. पहिला आठवडा फक्त वाचन, १५:११ ते १६:३१, रोज एकदा मोठ्याने, आणि जिथे अडखळता तिथे खूण. टीकाग्रंथ दुसऱ्या आठवड्यात उघडा. आधी उघडले की त्यांचे प्रश्न तुमचे होतात आणि मंडळीचे प्रश्न बाजूला राहतात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळा उपदेश एका वाक्यात लिहा. ‘आपल्या हाती आहे ते धन्याचं आहे आणि वेळ थोडा आहे, म्हणून ते दाराशी असलेल्या माणसासाठी वापरा,’ असं काहीतरी. जो मुद्दा या वाक्याला लागत नाही तो कितीही चांगला असला तरी काढा. तिसऱ्या आठवड्यात लिखाण. मराठीत सावकाश बोलणाऱ्याला पंचवीस मिनिटांना दोन हजार शब्द खूप होतात, अठराशेवर थांबा.

कर्जबाजारी घरं समोर आहेत हे शेवटपर्यंत लक्षात ठेवा. ‘कर्ज बुडवलं तरी चालतं’ किंवा ‘कर्ज हे पाप आहे’, दोन्ही या भागात नाही, आणि ऐकणारा दोन्हीपैकी एक घेऊन घरी जाऊ शकतो. म्हणून गोष्ट सांगतानाच स्पष्ट म्हणा की इथे सूट घेणाऱ्याला शाबासकी नाही, आणि कर्ज घेणाऱ्याला बोलही लावलेला नाही. ऋणको काय म्हणाले, त्यांना आनंद झाला की भीती वाटली, यावर दाखला गप्प आहे, तुम्हीही गप्प राहा.

लाजरापाशी आलात की एक गोष्ट करा. याच गोष्टीतला अब्राहाम सोडला तर येशूच्या सगळ्या दाखल्यांत नाव असलेलं पात्र हे एकच. श्रीमंताला नाव नाही, दाराशी पडलेल्याला आहे. एवढं सांगून विसावं वचन पुस्तकातूनच वाचा, स्वतःच्या शब्दांत नको.

शब्दशोधक

एक भर. वाचन दुसरं कुणी करणार असेल तर खुणा केलेला कागद शनिवारीच हातात द्या आणि चर्चमध्ये माइकवर एकदा वाचून घ्या. सहाव्या वचनातलं ‘पन्नास’ आणि सातव्यातलं ‘ऐंशी’ शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू गेलं पाहिजे. पंख्याच्या आवाजात ‘ऐंशी’चं ‘शंभर’ ऐकू आलं तर सूट मिळालीच नाही असं वाटतं. पंखे चालू ठेवूनच सराव करा.